कोरडा पाषाण

‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण’ ही म्हण आपल्या समाजांत इतकी रूढ आहे कीं, ती उच्चारली म्हणजे वाद संपला असेंच आपण मानतों. ज्यानें स्वतः केलें नाहीं त्यानें दुसऱ्यास सांगूं नये, हा तिचा अर्थ. तो इतका न्याय्य दिसतो कीं, त्याची परीक्षा करण्याची गरज कोणासच भासत नाहीं. आम्हांसहि ती आजवर भासली नव्हती. परंतु कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या एका स्नेह्यांनीं ही म्हण अशा प्रसंगीं आमच्यापुढें टाकली कीं, तिच्यांतील प्रत्येक शब्द पुन्हां तपासून पाहणें आम्हांस भाग पडलें.

प्रसंग असा. या स्नेह्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी. पुण्याच्या रोहन मोरे यांनीं जगांतील सात अवघड सामुद्रधुन्या पोहून जाण्याचा उपक्रम २०१८ सालीं पुरा केला व तो पुरा करणारे ते पहिले आशियाई ठरले. तेव्हांपासून या मुलाच्या मनानें समुद्र घेतला आहे. धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंतचें सुमारें ३६ किलोमीटरांचें अंतर पोहून जाण्याचा त्याचा निश्चय आहे. तयारीहि चांगली आहे. अडचण आली ती मार्गदर्शकाची. होडींतून त्याच्यासोबत जाणारा आणि पाण्यांत राहावें कीं बाहेर यावें याचा शेवटचा शब्द ज्याचा, तो एक वृद्ध नाखवा. त्यानें अनेकांस सोबत केली आहे. पण तो स्वतः हें अंतर कधीं पोहलेला नाहीं. “ज्याचें अंग त्या पाण्यांत बारा तास भिजलें नाहीं,” आमचे स्नेही म्हणाले, “त्याच्या हातीं मी मुलगा कसा द्यावा? सांगा, पाठवूं कीं नको?” आणि वर ती म्हण. आम्हीं उत्तरासाठीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आम्हांस विहिरींतहि पोहतां येत नाहीं. तेव्हां जें अंगांत नाहीं तें ग्रंथांत शोधण्याच्या आमच्या धंद्याच्या खोडीप्रमाणें आम्ही इंग्लिश खाडीच्या इतिहासाकडे वळलों. डोव्हरपासून फ्रान्सच्या काप ग्री-ने या भूशिरापर्यंतचें सरळ अंतर सुमारें ३३ किलोमीटर. परंतु भरती-ओहोटीचा प्रवाह सुमारें दर सहा तासांनीं दिशा पालटतो आणि पोहणाऱ्यास आडवा वाहून नेतो; त्यामुळें त्याचा मार्ग नकाशावर नागमोडी उमटतो. १८७५ च्या ऑगस्टांत कॅप्टन मॅथ्यू वेब हा ही खाडी पोहून जाणारा पहिला मनुष्य ठरला. त्यास २१ तास ४५ मिनिटें लागलीं. या खाडीचा एक नियम आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार अर्थपूर्ण आहे. पोहणाऱ्यास खाणें-पिणें दोरीनें किंवा काठीनें द्यावें. परंतु त्यानें होडीला अथवा होडींतल्या माणसाला स्पर्श करूं नये. स्पर्श झाला कीं प्रयत्न संपला. म्हणजे मार्गदर्शकापाशीं साधनें दोनच: शब्द आणि हात. शब्दानें तो धीर देऊं शकतो. हात दिला कीं मनुष्य वांचतो, पण त्याचें स्वप्न बुडतें.

हा हात देण्याचा अधिकार कोणाचा? होडींत बहुधा तीन प्रकारचीं माणसें असतात. पहिला नाविक. डोव्हर आणि फोकस्टन येथील अशा नाविकांत मच्छीमारीचा धंदा केलेले पुष्कळ. त्यांस प्रवाह, वारा आणि जहाजांची वर्दळ कळते. दुसरा जुना पोहणारा. त्यास थंडी, मळमळ आणि रात्रीची निराशा ठाऊक असते. तिसरें आप्त, म्हणजे आई, बाप अथवा मित्र. त्यांस तो माणूस ठाऊक असतो. आमच्या स्नेह्यांच्या म्हणीप्रमाणें पाहिलें तर दुसरा तेवढा खरा अधिकारी. बाकीचे कोरडे पाषाण. इतिहास काय सांगतो तें पाहूं.

१९२५ च्या ऑगस्टांत गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन तरुणी या खाडींत उतरली. तिचा शिक्षक होता जेबेझ वुल्फ. हा गृहस्थ स्वतः वीसांहून अधिक वेळां ही खाडी पोहण्यास निघाला होता आणि एकदांहि पार गेला नव्हता. कांहीं तासांनीं त्यानें तिला बाहेर काढविलें. तिचें म्हणणें, मी बुडत नव्हतें, नुसती विसावलें होतें. वुल्फचा हेतु काय होता यावर पुढें पुष्कळ वाद झाला. दुसऱ्या वर्षीं तिनें शिक्षक बदलला आणि बर्जेसला बोलाविलें. वेबनंतर ३६ वर्षांनीं, १९११ सालीं, अनेक अपयशांनंतर ही खाडी पार करणारा दुसरा मनुष्य तो हाच. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं एडर्ली सुमारें साडेचौदा तासांत पार गेली. तोंवर एकाहि पुरुषास इतक्या कमी वेळांत ती खाडी पोहतां आली नव्हती.

येथवर वाचून आमचे स्नेही टाळी वाजवितील. ज्यानें केलें नाहीं त्याचा उपदेश फसला, ज्यानें केलें त्याचा फळला! परंतु गोष्टीचा उरलेला भाग या निष्कर्षास अनुकूल नाहीं. त्या दिवशीं वादळ झालें, लाटा उसळूं लागल्या, आणि तिला आतां बाहेर घ्यावें असें खुद्द बर्जेसचेंच मत पडलें. होडीवरून तशी हांक गेली. तिनें लाटांतून एवढेंच विचारलें, “कशासाठीं?” असें सांगतात. म्हणजे पार गेलेल्याचाहि अंदाज चुकला. आमच्या मतें बर्जेसची थोरवी त्यानें खाडी पार केली यांत नाहीं. तिचें उत्तर ऐकून त्यानें हात आवरला यांत आहे. ज्या मनुष्यास वादळांत ‘कशासाठीं’ असा नेमका प्रश्न सुचतो त्याची शुद्धि शाबूत आहे, हें त्या प्रश्नानेंच सिद्ध होतें.

उलट, ज्यानें एकदां केलें त्याचा स्वतःविषयींचा अंदाज तरी विश्वसनीय असतो काय? पहिला विजयी वेब १८८३ सालीं नायगाराच्या धबधब्याखालील भोवऱ्यांतून पोहून जाण्यास निघाला आणि तेथेंच मरण पावला. त्याच्याहून अधिक अनुभवी मनुष्य त्या काळीं दुसरा कोण होता? परंतु एका पाण्याचा अनुभव दुसऱ्या पाण्यांत शहाणपण ठरेलच असें नाहीं. आणि यश हें कधीं कधीं अपयशाहूनहि वाईट गुरु असतें.

मग प्रत्येकानें आपलाच निर्णय प्रमाण मानावा, असें कोणी म्हणेल. शरीर त्याचें, समुद्र सर्वांचा. मध्यें पडणारे तुम्ही कोण? हा आक्षेप हलका नाहीं. परंतु येथें थंडीचा स्वभाव लक्षांत घेतला पाहिजे. थंड पाण्यांत तासन् तास राहिलें म्हणजे रक्त हातापायांकडून ओसरून छातीपोटाकडे राहूं लागतें. बोटें एकमेकांशीं जुळेनाशीं होतात, हाताचे फटकारे मंदावतात, जीभ जड होते. पुढें बुद्धिहि मंदावते; आणि ती मंदावली आहे हें जिनें ओळखावयाचें ती बुद्धीच असल्यामुळें, संकटांत सांपडलेला मनुष्य आपलें संकट जाणणारा शेवटचा मनुष्य ठरतो. म्हणून होडींतला जाणता माणूस मिनिटास किती फटकारे पडतात तें मोजीत राहतो, आणि मधून मधून नांव, गांव यांसारखे साधे प्रश्न विचारतो. त्यास उत्तर ठाऊकच असतें. ऐकावयाचा असतो तो आवाज.

व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल यानें आपल्या १८५९ च्या प्रसिद्ध निबंधांत मोडक्या पुलाचें उदाहरण दिलें आहे. पूल पडणार हें ज्यास ठाऊक नाहीं अशास सांगण्यास वेळ नसेल, तर त्याला धरून मागें ओढणें हा त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नव्हे. कारण त्यास नदींत पडावयाचें नव्हतें. परंतु धोक्याची नुसती शक्यता असेल, तर शुद्धीवर असलेल्या मनुष्यास सावध करावें आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. होडींतल्या माणसाचा धर्म या दोन वाक्यांत आला. एडर्ली शुद्धीवर होती. तिला सावध करणें एवढाच बर्जेसचा अधिकार. ज्याच्या तोंडून नांव निघत नाहीं त्याला मात्र विचारीत बसणें हा स्वातंत्र्याचा मान नव्हे, तें जबाबदारीपासून पळणें आहे.

यांतहि मार्गदर्शकाची सत्ता मर्यादितच राहते. फ्लॉरेन्स चॅडविक या स्त्रीनें इंग्लिश खाडी दोन्ही दिशांनीं पार केली होती. १९५२ च्या जुलैंत ती कॅटलिना बेटापासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे निघाली. दाट धुकें पडलें. होडींत तिची आई होती, शिक्षक होता. किनारा जवळ आला, धीर धर, असें ते सांगत होते, आणि तें खरें होतें. परंतु पंधरा तासांहून अधिक पोहल्यावर तिनें हात टेकले. किनारा तेव्हां मैलभरहि उरला नव्हता. दोन महिन्यांनीं ती पुन्हां उतरली आणि पार गेली. पहिल्या वेळीं होडींतल्यांचें ज्ञान खरें, अनुभव खरा, प्रेमहि खरें. तरी दुसऱ्याचे डोळे तिला लावून घेतां आले नाहींत. उपदेशानें मनुष्यास अंधारांत सोबत मिळते. त्याच्या वतीनें किनारा दिसत नाहीं.

चॅडविक पुन्हां उतरली, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. एडर्लीहि पुन्हां उतरली होती. बंगालची आरती साहा १९५९ च्या ऑगस्टांत चौदा तासांच्या आसपास पोहून, इंग्लंडचा किनारा थोड्या मैलांवर असतांना बाहेर आली. आणि २९ सप्टेंबरला १६ तास २० मिनिटांत पार जाऊन इंग्लिश खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. बाहेर काढलेला मनुष्य रागावतो, रडतो, प्रसंगीं आयुष्यभर दोष देतो. पण तो पुन्हां पाण्यांत उतरूं शकतो. नायगाराच्या भोवऱ्यांतून वेबला कोणी बाहेर काढलें नाहीं. मार्गदर्शकाच्या दोन चुकांत हा भेद आहे, आणि शंका आली असतां कोणती चूक पत्करावी याचें उत्तर या भेदांतच आहे.

आतां म्हणीकडे वळूं. तिच्यांत दोन शब्द आहेत, आणि आपण ते एकच समजून चाललों हा आपला प्रमाद. कोरडें असणें निराळें, पाषाण असणें निराळें. होडींतला मनुष्य कोरडा असतो म्हणूनच त्याची बुद्धि गारठत नाहीं. तोहि पाण्यांत उतरला तर एकाऐवजीं दोघे आपलें नांव विसरतील. कोरडेपणा हा त्याचा दोष नव्हे, तें त्याचें कर्तव्य आहे. त्याचा आणखीहि एक अर्थ आहे. पोहणारा पार गेला काय, न गेला काय, नाविकाचें भाडें तेंच राहतें; यशांत त्याचा वांटा नाहीं म्हणून त्याचा शब्द अधिक निर्मळ. जुन्या पोहणाऱ्यास दुसऱ्याच्या अंगांत आपलेंच जुनें यशापयश दिसण्याचें भय असतें, आणि बापास मुलाच्या पोहण्यांत आपली प्रतिष्ठा. अर्जुनाच्या रथावर बसलेल्या सारथ्यानेंहि शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा केली होती; त्याला कोणी कोरडा पाषाण म्हटलें नाहीं. मात्र तो रथावर होता, शिबिरांत नव्हता. निंद्य आहे तो पाषाण: जो रात्र जागत नाहीं, फटकारे मोजीत नाहीं, आवाज ऐकत नाहीं, किनाऱ्यावर बसून पुढें जा अथवा मागें ये म्हणतो, आणि परिणाम भोगण्यास हजर नसतो.

आठ दिवसांनीं आम्हीं स्नेह्यांस सांगितलें, “नाखव्याकडे जा. तो किती पोहला तें विचारूं नका. आजवर किती जणांस बाहेर काढलें, आणि कशावरून, तें विचारा. आणि मुलास सांगा, नाखव्याचा शेवटचा शब्द मानीन हें वचन त्यानें आज, कोरड्या जमिनीवर, शुद्ध बुद्धीनें द्यावें. पाण्यांत तें मागण्याची वेळ येऊं नये.” ते गेले, आणि परत येऊन त्यांनीं नाखव्याचें उत्तर आम्हांस सांगितलें. “पोर बोलायचं थांबलं की मी घड्याळ बघत नाय, साहेब. उचलतो.” गेटवे समोर दिसत असतांना त्यानें एका मुलास असें उचललें होतें. तो मुलगा अजून त्याच्याशीं बोलत नाहीं. “नाय बोलला तरी चालंल,” नाखवा म्हणाला, “हाय ना.”

मुलगा जाणार आहे. आमचे स्नेही होडींत बसणार नाहींत; तो निर्णय त्यांचा त्यांनींच घेतला, आणि आम्हांस तो शहाणपणाचा वाटला. त्यांनीं सौजन्यानें एक प्रश्न मात्र आम्हांस विचारला नाहीं. ज्यास विहिरींतहि पोहतां येत नाहीं आणि ज्यानें तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांस आयुष्याच्या पाण्यांत पुढें जा अथवा मागें ये असें वर्गाच्या उंबरठ्यावरून सांगितलें, त्यानें त्यांपैकीं किती जणांचा आवाज शेवटपर्यंत ऐकला? कोरडे तर आम्ही आहोंतच. उरलेल्या शब्दाविषयीं आमचे आम्हीच उत्तर दिलें पाहिजे.