निनावी प्रश्न आणि शरणांचे अंकित



वचनांचे नित्य पठण करणाऱ्या आपणा सर्वांना एक गोष्ट ठाऊक आहे, पण तिच्यापाशी आपण सहसा थांबत नाही. वचनाच्या शेवटी वचनकाराचे स्वतःचे नाव बहुधा नसते. बसवण्णांच्या वचनात ‘कूडलसंगमदेव’ येतो, अल्लमप्रभूंच्या वचनात ‘गुहेश्वर’, अक्कमहादेवींच्या वचनात ‘चन्नमल्लिकार्जुन’, सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या वचनात ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’. यालाच अंकित म्हणतात. मराठी अभंगात तुकोबा, नामदेव, चोखोबा आपले नाव अखेरच्या चरणात गुंफतात. शरण मात्र आपल्या आराध्याचे नाव ठेवून स्वतः बाजूला होतात. कित्येक वचनांचे तर अंकित तेवढे उरले आहे, वचनकार कोण हे काळाच्या उदरात गेले. फ. गु. हळकट्टी यांनी घरोघरीच्या देव्हाऱ्यांतून, मठांतून ताडपत्रे गोळा केली आणि १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ हा ग्रंथ आपल्या बेळगावात छापून प्रसिद्ध केला. ती ताडपत्रे पिढ्यान्‌पिढ्या उतरवून ठेवणाऱ्या हातांची नावे तरी कोणाला ठाऊक आहेत?

या विषयाकडे लक्ष जाण्यास एक निमित्त घडले. आमच्या मठातील मासिक अनुभावगोष्ठीत प्रश्न चिठ्ठीवर लिहून देण्याचा प्रघात आहे. चिठ्ठीवर नाव घालण्याचे बंधन नाही. गेल्या श्रावणात एका चिठ्ठीत पुढील प्रश्न आला : “गणितात शून्याने भागता येत नाही असे शिकवतात. मग अल्लमप्रभूंच्या शून्यात सारे विश्व कसे मावते?” खाली नाव नव्हते. सभेतील काही वडीलधारी मंडळी म्हणाली, “स्वामीजी, नाव सांगण्याचे ज्याला धैर्य नाही, त्याला उत्तर कशाला द्यायचे?” त्यावर एका तरुणाने विचारले, “प्रश्न शून्याचा आहे. त्याला नाव कशाला हवे?” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून दोन्ही पक्ष नीट तपासले पाहिजेत.

प्रथम तरुणाचा पक्ष पाहू. नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) नावाचे शाळामास्तर होते. अंकांशी खेळणे हाच त्यांचा छंद. १९४९ मध्ये त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उदाहरणार्थ ३५२४ घेऊ. ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले, राहिले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४ च येते. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वेळा ही क्रिया केली की ६१७४ येऊन उभे राहते. कापरेकरांपाशी मोठी पदवी नव्हती, विद्यापीठाचे पद नव्हते. त्यामुळे विद्वानांनी त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. पण वजाबाकी १९४९ मध्येही तितकीच खरी होती! घरातील शाळकरी मूल पाटीवर ती पडताळून पाहू शकते. पडताळा ज्याच्या त्याच्या हाती आहे, तेथे सांगणाऱ्याचे नाव, गाव, कुळ विचारून सत्यात तिळमात्र भर पडत नाही.

आता वडीलधाऱ्यांचा पक्ष. न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानले आहे, परंतु तो शब्द आप्ताचा, म्हणजे विश्वासास पात्र अशा जाणत्याचा असला पाहिजे अशी अट घातली आहे. अमुक मुळी रोगावर गुणकारी आहे, असे कोणी सांगितले तर सांगणारा वैद्य आहे की वाटसरू, हे विचारावेच लागते. जत्रेच्या वर्गणीत अमुक माणसाने हात मारला, असे कोणी म्हटले तर म्हणणाऱ्याने समोर आलेच पाहिजे. रात्री दाराखालून सरकवलेल्या निनावी पत्राने ठरलेली लग्ने मोडली, भावाभावांत भिंत उभी राहिली, असे आपल्या खेड्यापाड्यांतून थोडे का घडले आहे? साक्षीला नाव हवे. साक्ष देऊन तोंड लपवणे हा अधर्मच होय.

म्हणजे पहिला विवेक असा ठरतो की बोलण्याची जात ओळखावी, बोलणाऱ्याची नव्हे. हिशेब आणि युक्तिवाद निनावी चालतात, साक्ष आणि आरोप निनावी चालत नाहीत. आणि प्रश्न? प्रश्न विचारणारा कशाचीच ग्वाही देत नाही, तो आपली उणीव उघड करतो. त्याच्याकडून नावाची वसुली करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण शरणांच्या दृष्टीने एवढ्याने भागत नाही. युक्तिवादाच्या पलीकडे अनुभाव आहे, आणि अनुभाव हा जगलेल्या माणसाचाच असतो. तेथे नावाचे काय? शून्यसंपादनेत सोन्नलिगेचा, म्हणजे आजच्या सोलापूरचा प्रसंग आहे. सिद्धरामेश्वर शेकडो माणसे हाताशी धरून तळे खोदवीत आहेत. तेथे अल्लमप्रभू येतात. कामकऱ्यांना ते सर्वस्वी अनोळखी. हा कोण कुठला जोगी आपल्या गुरूला माती खोदणारा वड्डर म्हणून हाक मारतो, या संतापाने माणसे त्यांच्यावर दगड फेकतात. प्रभू आपली ओळख सांगून सुटका करून घेत नाहीत. दगडही सोसतात आणि प्रश्नही सोडत नाहीत : बाहेरचे तळे खोदतोस, आतले कोण खोदणार? सिद्धरामेश्वर प्रथम क्रोधाने येतात. परंतु त्या अनोळखी माणसाच्या बोलण्यात आणि वागण्यात फट नाही, हे पाहून ते चर्चेला बसतात आणि पुढे त्याच माणसाबरोबर कल्याणला जातात. त्यांनी नावाची खातरजमा केली नाही, नुडी आणि नडे, उक्ती आणि आचरण यांचा मेळ तपासला. शरणांची आप्तत्वाची कसोटी ती हीच.

तीच कसोटी अनुभवमंटपात दिसते. तेथे नावाडी, परीट, चांभार, बुरूड, राजमंत्री एका बैठकीला होते. पडलेले तांदूळ वेचून दासोह करणाऱ्या मारय्यांनी एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी, त्यांच्या धर्मपत्नीने, ते परत टाकून यायला लावले. लोभ कोठून शिरला, असा तिचा प्रश्न होता. बाईमाणसाचे कशाला ऐकायचे, असे तेथे कोणी म्हटले नाही.

याच्या उलट जगात काय घडत होते ते पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये सोफी जेर्मे नावाची गणिताची विलक्षण बुद्धी असलेली मुलगी होती. स्त्री म्हणून तिला उच्च शिक्षणाचे दार बंद. तिने ‘ल ब्लाँ’ हे पुरुषाचे नाव घेऊन लाग्रांज या गणितज्ञाकडे टिपणे धाडली आणि १८०४ पासून जर्मनीतील गाऊस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १८०७ मध्ये गाऊसना खरी गोष्ट कळली. त्यांनी तिचा गौरवच केला, हे त्यांचे मोठेपण. पण ऐकले जाण्यासाठी नाव लपवावे लागले, हा त्या समाजाचा उणेपणा.

आपण त्यांना नावे ठेवण्याआधी आपल्या सीमाभागाकडे पाहावे. निपाणीपासून बेळगावपर्यंत माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, “पाहुणे कुठले?” दुसरा, “आडनाव काय?” आडनावावरून जात ठरते, बोलीवरून बाजू ठरते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तर नावाआधी भाषा मोजली जाऊ लागली. मग तो माणूस काय बोलतो हे ऐकायला कान उरतच नाहीत. आपण लिंगायत घरी कन्नड वचने मराठी लिपीत लिहून पाठ करतो, आणि तरीही सभेत एखाद्याचे मत त्याच्या आडनावावरून आधीच निकालात काढतो. आलेल्याला हा कोणाचा असे न विचारता आपल्याच घरचा मानावे, ही बसवण्णांची विनवणी कार्यक्रमाच्या आरंभी गायची आणि कार्यक्रम संपल्यावर आडनाव विचारायचे, याला काय म्हणावे?

नाव सांगण्यात कधी प्राणाचे भय असते, हेही विसरता येत नाही. ‘समग्र वचन संपुट’ या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा खंडांचे प्रधान संपादक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांनी अज्ञात वचनकारांची वचनेही आदराने जगासमोर आणली आणि आपली मते मात्र आयुष्यभर स्वतःच्या नावाने मांडली. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात, राहत्या घरी, गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. त्यांची सर्व मते आपणास मान्य असोत वा नसोत, नावानिशी मांडलेल्या विचाराला उत्तर विचारानेच द्यायचे असते. जेथे ते तसे दिले जात नाही, तेथे नाव न घालणाऱ्याला भित्रा म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. भय घालणारा समाज आणि भिणारा माणूस यांत दोष आधी कोणाकडे जातो?

तरीही निनावीपणाला एक रोग जडतो. शास्त्रकारांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा मोडत बसणे ती वितंडा. ज्याला नाव नाही त्याला हरण्याची लाज नाही. म्हणून तो वादातून जल्पात आणि जल्पातून वितंडेत सहज घसरतो. मुखवट्याआड माणूस असे शब्द बोलतो, जे उघड्या तोंडाने आईसमोर उच्चारणार नाही. मग नाव टाकावे, पण जबाबदारी टाकू नये, हे साधावे कसे?

शरणांचे अंकित हे या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. शरणाने नाव काढले, पण ती जागा रिकामी ठेवली नाही. तेथे त्याने ज्याला फसवता येत नाही अशा साक्षीदाराला बसवले. जो ‘कूडलसंगमदेवा’ म्हणून वचन संपवतो, तो मागील प्रत्येक शब्द त्याच्यापुढे शपथेवर बोललेला असतो. लोकांपुढचा ‘मी’ गेला, देवापुढचा ‘मी’ अधिक उत्तरदायी झाला. निनावी पत्र लिहिणाराही नाव काढतो, पण अहंकार आत ठेवतो. शरण अहंकारच काढून टाकतो. आणि ही काही सक्ती नव्हती. अंबिगर चौडय्यांनी आपला नावाड्याचा धंदा आणि आपले नाव हेच अंकित केले. ज्या नावाला जग हिणवत होते, ते त्यांनी छातीठोकपणे वचनाच्या शेवटी उभे केले. कोणी नाव ठेवून अहंकार जिंकला, कोणी नाव सोडून. दोन्ही वाटा मंटपात मान्य होत्या.

राहिला चिठ्ठीतील प्रश्न. त्याचे निम्मे उत्तर सभेतील एका गणितशिक्षकाने दिले. शून्याने गुणून मूळ संख्या परत मिळत नाही, म्हणून शून्याने भागण्याला आजचे गणित अर्थच देत नाही. उरलेले निम्मे आम्ही सांगितले. बाराव्या शतकात, बसवण्णांच्याच काळात, भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात अशा राशीला ‘खहर’ म्हटले आणि तिला भर वा घट न होणाऱ्या अनंत परमेश्वराची उपमा दिली. आजचे गणित ती गणना मान्य करीत नाही. अल्लमप्रभूंचे शून्य तर राशीच नाही. ‘मी’ आणि ‘माझे’ गळून पडल्यावर जे उरते, त्याला त्यांनी शून्य म्हटले. विश्व त्यात मावते, कारण अडवणारा ‘मी’ तेथे नसतो. एवढे बोलून झाल्यावर मागच्या रांगेतील एका वृद्ध शरणाने आणखी एक शंका काढली आणि गोष्ठी तासभर लांबली. मूळ प्रश्न कोणाचा, हे अखेरपर्यंत कोणी विचारले नाही.

म्हणून सर्व सद्भक्तांना आमचे सांगणे एवढेच आहे. कोणाचा दोष सांगायचा असेल तर नाव घालून सांगा. शंका विचारायची असेल तर नाव घाला वा घालू नका, पण इष्टलिंग तळहातावर असताना जे शब्द लिहू शकाल तेच लिहा. आणि ऐकणाऱ्याने आडनावाकडे पाहण्याआधी प्रश्नाकडे पाहावे. अशी बुद्धी आणि असा कान महात्मा बसवेश्वरांनी आपणा सर्वांना द्यावा, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

शरणु शरणार्थी.