तातडी आणि तगादा

सॉफ्टवेअरमधला दोष कळवताना आपण पटकन ‘अर्जंट’ लिहून मोकळे होतो. पण ते वाचणाऱ्या मेंटेनरला, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला, त्या एका शब्दातून काय कळतं? आपण अधीर झालो आहोत, एवढंच.

मार्च 2024 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दिसलं, की एसएसएचनं (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीनं) लॉगिन व्हायला जिथे सुमारे 0.3 सेकंद लागायचे, तिथे आता 0.8 सेकंद लागत आहेत. अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते ‘एक्सझेड’पर्यंत पोचले. फाइली आवळून लहान करणारं हे साधन असंख्य लिनक्स यंत्रणांत असतं. त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. त्यांनी आधी डेबियन या लिनक्स-वितरणाच्या सुरक्षा पथकाला खासगीत कळवलं आणि 29 मार्चला सगळं जाहीर केलं. दोष कोणत्या आवृत्त्यांत आहे (5.6.0 आणि 5.6.1), तो कोणत्या परिस्थितीत जागा होतो, वेळ किती वाढतो, हे त्यात होतं. आपण सुरक्षा-संशोधक नाही, हेही त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं. त्याच दिवशी डेबियन आणि रेड हॅट यांनी वापरकर्त्यांना इशारे दिले.

याच एक्सझेड प्रकल्पानं 2022 मध्ये दुसऱ्या प्रकारची घाईही सोसली होती. तो सांभाळणारा गृहस्थ बिनपगारी, फावल्या वेळात काम करत होता. आपली ताकद आता कमी पडते, हे त्यानं सांगितलंही होतं. तरी काही अनोळखी खाती त्याच्यामागे लागली: बदल किती दिवस पडून राहणार, प्रकल्प दुसऱ्या कुणाच्या हाती का देत नाही? या तगाद्यात ना कुठला गंभीर बिघाड दाखवलेला होता, ना कुणाचं नुकसान. पुढे ज्या ‘मदतनीसा’ला अधिकार मिळाले, त्याच्याच हातून तो चोरदरवाजा आत आला. तो तगादा त्याच कटाचा भाग असावा, असं आज मानलं जातं.

तगादा समोरच्याला विचार करायला उसंत देत नाही. खरी तातडी मात्र त्याला विचार करायला लागणारं सगळं हातात देते. काय बिघडतं, कुणाचं बिघडतं, कधीपासून, ते त्याला स्वतःला कसं पडताळता येईल, तोवर काही पर्याय आहे का. एवढं कळलं, की हातातलं काम बाजूला ठेवायचं का, हे तो स्वतः ठरवू शकतो. फुकट राबणाऱ्या माणसाचा एवढा मान आपण राखायलाच हवा.

म्हणून आज एखादा दोष कळवायचा असेल, तर आधी स्वतःला विचारावं: ही दुरुस्ती लांबली तर नुकसान कुणाचं? फक्त आपली गैरसोय होत असेल, तर ‘सवडीनं बघा’ असं प्रामाणिकपणे लिहावं. अशा माणसानं एखाद्या दिवशी ‘आजच बघा’ म्हटलं, तर त्याच्या शब्दाला वजन असतं.