मूठभर गेमरांचे मोल

ऑक्टोबर 2021 मध्ये पोलंडमधल्या एका स्वतंत्र डेव्हलपरने आपल्या गेमचा हिशेब जाहीर केला. गेमचे नाव 'डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न'. शनीच्या कड्यांमधून यान चालवत खाणकाम करायचे, असा हा गेम तेव्हा पूर्ण व्हायचा होता आणि तयार होता होताच विकला जात होता. 12 हजारांहून थोड्या अधिक प्रती खपल्या होत्या. त्यांतल्या 700 लिनक्स वापरणाऱ्यांनी घेतल्या होत्या, म्हणजे 5.8 टक्के. तोवर त्याच्याकडे 1040 बग रिपोर्ट आले होते आणि त्यांतले सुमारे 400 या 700 जणांच्या गटातून आले होते, म्हणजे 38 टक्के.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, की हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. विक्रीत वाटा 6 टक्क्यांचाही नाही आणि तक्रारी मात्र 38 टक्के! पण त्याने दिलेला पुढचा आकडा सगळे चित्र पालटून टाकतो. त्या 400 रिपोर्टांपैकी केवळ 3 रिपोर्ट निव्वळ लिनक्सवर उद्भवणाऱ्या दोषांचे होते. बाकीचे दोष गेमचेच होते. विंडोजवर खेळणाऱ्यांच्याही वाट्याला ते येत होते. कळवण्याची तसदी त्यांच्यातले फार थोडे जण घेत होते.

लिनक्ससाठी गेम काढावा का, हा प्रश्न आला की चर्चा टक्केवारीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा अनेक वर्षे 1 टक्क्याच्या आसपास रेंगाळत होता; ऑक्टोबर 2025 मध्ये तो पहिल्यांदा 3 टक्क्यांपलीकडे गेला. इतक्या थोड्यांसाठी कष्ट का घ्यायचे? माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे, कारण त्यात ग्राहक फक्त पैसे देणारा धरला आहे. छोट्या स्टुडिओला पैशाइतकीच गरज असते ती बारकाईने पाहणाऱ्या, सांगणाऱ्या आणि टिकून राहणाऱ्या माणसांची. लिनक्सवाल्यांचा समुदाय नेमके तेच देतो.

याच्या नेमका उलट अनुभवही नोंदलेला आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. 'प्लॅनेटरी ॲनायहिलेशन' या गेमवर काम केलेल्या एका डेव्हलपरने 2019 मध्ये सांगितले होते, की लिनक्सची विक्री 0.1 टक्क्याहूनही कमी होती, पण आपोआप नोंदल्या जाणाऱ्या क्रॅशमध्ये आणि मदतीच्या मागण्यांमध्ये तिचा वाटा 20 टक्क्यांवर होता. त्यांतला बहुतेक भाग ग्राफिक्स ड्रायव्हरच्या भानगडींचा होता. आपण पुन्हा लिनक्सच्या वाटेला जाणार नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या जागी दुसरा कोणी असता, तरी कदाचित हेच म्हणाला असता.

मग खरे काय मानायचे? दोन्ही. या दोन हिशेबांमध्ये काळाचे अंतर आहे. 'प्लॅनेटरी ॲनायहिलेशन'च्या उमेदीची वर्षे 2013-14 ची. त्या काळात लिनक्सवरचे ग्राफिक्स ड्रायव्हर खरोखरच तापदायक होते. पुढच्या सात-आठ वर्षांत मेसा या मुक्त ड्रायव्हर-प्रकल्पाने मोठी मजल मारली. दुसरा फरक मोजण्याचा आहे. यंत्राने पाठवलेला क्रॅश आणि माणसाने विचार करून लिहिलेला रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नुसते सांगतो की काहीतरी मोडले. दुसरा सांगतो की काय मोडले, केव्हा आणि कशामुळे.

असा रिपोर्ट एकदा जवळून वाचावा. लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे वितरण, कोणती, कर्नल कुठला, मेसाची आवृत्ती काय, ग्राफिक्स कार्ड कोणते, हे सुरुवातीलाच दिलेले असते. टर्मिनलमधून गेम चालवल्यावर बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळी जशाच्या तशा चिकटवलेल्या असतात. जमले तर डीबगरमधून काढलेला बॅकट्रेस जोडलेला असतो. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे पायऱ्या : अमुक ठिकाणी सेव्ह करा, तमुक दार उघडा, मग तीच फाइल पुन्हा लोड करा, बग हमखास येतो. ज्या स्टुडिओत प्रोग्रामर, चित्रकार, हिशेबनीस आणि टेस्टर ही सगळी पदे एकच माणूस सांभाळतो, तिथे या पायऱ्यांचे मोल काय असते, ते त्यालाच ठाऊक. 'गेम मधेच अडकतो' एवढ्यावरून दोष शोधायला दिवसच्या दिवस जातात. पायऱ्या हाती असल्या तर तो समोर येऊन उभा राहतो.

ही सवय या लोकांना जन्मजात नसते, ती मुक्त सॉफ्टवेअरच्या रीतीतून लागते. तिथे तक्रार करायला दुकानदार नसतो. काही बिघडले तर ते बनवणाऱ्याला कळवायचे असते, आणि तो बहुधा आपल्या फावल्या वेळात हे काम करणारा माणूस असतो. लॉग न जोडता कळवले, तर तो आधी लॉग मागतो. वर्षानुवर्षे असे वागून वापरणाऱ्याच्या अंगी एक नागरिकपण मुरते. आपण वापरतो ती वस्तू सुधारणे हे आपलेही काम आहे, असे त्याला वाटू लागते. तोच माणूस विकत घेतलेल्या गेमकडेही त्याच नजरेने पाहतो.

ही माणसे फुकट्यांच्या टोळीतली आहेत, असा एक जुना समज आहे. मे 2010 मधल्या पहिल्या हम्बल इंडी बंडलने तो खोडून काढला. 'वर्ल्ड ऑफ गू', 'अक्वेरिया', 'गिश', 'लुगारू', 'पेनम्ब्रा : ओव्हरचर' हे स्वतंत्र स्टुडिओंचे गेम एकत्र ठेवून ग्राहकांना सांगितले गेले, की वाटेल ती किंमत द्या. सगळे गेम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारे होते, नक्कल रोखणारे कुठलेही कुलूप लावलेले नव्हते आणि पैशाचा काही भाग सेवाभावी संस्थांना जाणार होता. विंडोजवाल्यांनी सरासरी 8 डॉलरच्या आसपास दिले, मॅकवाल्यांनी 10 च्या आसपास आणि लिनक्सवाल्यांनी 14 हून अधिक. एकूण रक्कम 12 लाख डॉलरच्या पुढे गेली. 10 लाखांचा टप्पा ओलांडल्यावर यांतल्या चार गेमच्या निर्मात्यांनी आपला सोर्स कोड खुला केला. त्यामुळे मूळ स्टुडिओची वाट न पाहता हे गेम नव्या यंत्रांवर आणण्याची सोय झाली. ज्यांना समानतेने वागवले, त्यांनी स्वखुशीने अधिक मोजले, आणि निर्मात्यांनीही उलट काहीतरी दिले.

अशा देवघेवीतून काय टिकते, याचे आणखी जुने उदाहरण आहे. 1998 मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. विंडोजवरचे नावाजलेले गेम लिनक्सवर आणून विकायचे, हा तिचा धंदा. तो चालला नाही आणि 2002 च्या सुरुवातीला कंपनी बंद पडली. पण तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी एसडीएल नावाची एक लायब्ररी लिहिली होती. विंडो उघडणे, आवाज देणे, कीबोर्ड आणि जॉयस्टिक वाचणे ही कामे ती कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर एकाच पद्धतीने करते. तिचा कोड खुला असल्याने कंपनीबरोबर ती बुडाली नाही. लँटिंगा पुढे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीत गेले. लोकीतच घडलेले रायन गॉर्डन यांनी कितीतरी इंडी गेम लिनक्सवर आणले आणि एसडीएलही सांभाळली. आज असंख्य गेम या लायब्ररीवर उभे आहेत आणि त्यांतले कित्येक विंडोजवर खेळले जातात. लिनक्ससाठी केलेले काम लिनक्सपुरते राहत नाही, ते असे.

रोजच्या कामातही हाच अनुभव येतो. लिनक्सवर फाइलच्या नावातले लहान आणि मोठे इंग्रजी अक्षर वेगळे मानले जाते. कोडमध्ये एक नाव आणि डिस्कवर दुसरे असेल, तर विंडोजवर ते खपून जाते. लिनक्सवर चित्र दिसतच नाही. प्रोग्रामर आधी वैतागतो, मग सगळी नावे नीट लावतो. वेगळा कंपायलर वापरला, की मेमरी वापरण्यातल्या लपलेल्या चुकाही उघड्या पडतात. विंडोजवर त्या एखाद्याच ग्राहकाला कधीतरी छळत असतात. दुसऱ्या भूमीवर चालवून पाहिल्याने कोड आहे तिथेही अधिक भक्कम होतो.

आता खरा आक्षेप. व्हॉल्व्हने ऑगस्ट 2018 मध्ये विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या मुक्त प्रकल्पाच्या पायावर प्रोटॉन आणले आणि विंडोजसाठी बनवलेले हजारो गेम लिनक्सवर जसेच्या तसे चालू लागले. फेब्रुवारी 2022 मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राने तर लिनक्सचे नावही न ऐकलेल्या लोकांच्या हाती लिनक्स दिले. मग वेगळी लिनक्स आवृत्ती काढायचीच कशाला?

हा आक्षेप मी मनापासून मानतो. एकट्या डेव्हलपरने हौसेने लिनक्स आवृत्ती काढावी आणि दोन वर्षांनी ती विंडोजच्या मागे पडावी, दुरुस्त्या तिथवर पोहोचूच नयेत, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. अशा कुजत पडलेल्या आवृत्तीपेक्षा प्रोटॉनवर नीट चालणारी विंडोजची आवृत्ती कितीतरी बरी. आधार देणे म्हणजे दर वेळी वेगळी आवृत्ती काढणे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

पण प्रोटॉन आहे म्हणून हात वर करणेही योग्य नाही. आधार म्हणजे उत्तरदायित्व. गेम विकण्यापूर्वी लिनक्सवर किंवा स्टीम डेकवर तो एकदा चालवून पाहावा. तिथून आलेला रिपोर्ट 'आमचा प्रश्न नाही' म्हणून फेटाळू नये. ऑनलाइन गेममधली चीटिंग रोखणारी यंत्रणा निवडताना हे खेळाडू बाहेर फेकले जाणार नाहीत, हे बघावे. आणि जे जमणार नसेल, ते विक्रीच्या पानावर आधीच सांगावे. एवढे करायला मोठे भांडवल लागत नाही.

शिवाय प्रोटॉनचा बराचसा भार आज एकाच कंपनीच्या खांद्यावर आहे. ती आज उदार आहे, उद्याची खात्री कोण देणार? एका कंपनीवर विसंबण्याची किंमत काय असते, ते डेव्हलपरांनी सप्टेंबर 2023 मध्ये पाहिले. युनिटी या गेम-इंजिनच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलवर शुल्क आकारण्याची घोषणा केली आणि कित्येक स्टुडिओंच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच महिन्यात 'टेरारिया'च्या री-लॉजिक या स्टुडिओने गोडो आणि एफएनए या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी 1 लाख डॉलर दिले आणि पुढे दरमहा मदत देण्याचेही जाहीर केले. 'डेल्टा-व्ही' हा गेमही गोडोवरच बनला आहे. हे इंजिन मूळचे अर्जेंटिनातले, 2014 पासून खुले. त्यात लिनक्सची आवृत्ती काढणे विंडोजइतकेच सोपे आहे. तिथे प्रोटॉनची सबब सांगण्याचीही गरज उरत नाही.

या नात्यात समुदायाच्याही जबाबदाऱ्या आहेत. आपल्याच डिस्ट्रोवर गेम चाललाच पाहिजे, म्हणून एकट्या डेव्हलपरच्या मागे तगादा लावू नये. त्याने एक डिस्ट्रो किंवा स्टीमचा रनटाइम नेमून दिला असेल, तर आधी तिथे बग येतो का ते तपासावे. रिपोर्टची भाषा सभ्य असावी. आणि गेम सेलमध्ये घेण्याऐवजी कधीतरी पूर्ण किमतीला घ्यावा, कारण सहभागाचे कौतुक कितीही केले, तरी घरभाडे विक्रीतूनच भरले जाते.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा 2020 मधला गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने बनवला, आणि आज महाराष्ट्रात गेम बनवण्याचे स्वप्न पाहणारे तरुण थोडे नाहीत. दुसरीकडे 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. अनेक जुने, पण धडधाकट कॉम्प्युटर विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. नवे यंत्र घेणे ज्या घरांना परवडत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

म्हणून आपल्याकडच्या नव्या डेव्हलपरांना माझे सांगणे आहे : पहिला गेम बनवताना पहिल्या दिवसापासून तो लिनक्सवरही चालवून पाहा आणि तिथून येणारा प्रत्येक रिपोर्ट शांतपणे वाचा. आणि खेळणाऱ्यांना सांगणे आहे : गेम कोणत्याही यंत्रावर खेळा, पण बग दिसला तर त्याच्या पायऱ्या लिहून तो कळवा.