हातात दोन एक्के

पत्त्यांच्या बाबतीत आमचं घराणं तसं सोवळं. म्हणजे पत्ते खेळायचे, पण पैसे लावायचे नाहीत. झब्बू, बदाम सात, फार तर मेंढीकोट. रमीचं नुसतं नाव काढणाऱ्या घरात मुलगी द्यायला आमची आजी तयार नसायची. त्यामुळे गेल्या डिसेंबरात अमेरिकेहून आलेला भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, पोकरची टूर्नामेंट लावू या," तेव्हा मी आधी देवघराचं दार लोटून घेतलं. शेवटी पैशांऐवजी चिंचोके लावायचे, असा तह झाला. सौ.नं माळ्यावरून डबा काढला आणि आम्हा सहा जणांना प्रत्येकी तीनशे चिंचोके मोजून दिले.

भाच्यानं खेळ समजावला. प्रत्येकाला दोन पानं उपडी. मग टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं उघडायची. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. प्रत्येक टप्प्यावर लावायचं, वाढवायचं किंवा पानं टाकून गप्प बसायचं. या सातांतून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. दर डावाला दोघांनी सक्तीनं एक आणि दोन चिंचोके टाकायचे. चिंचोके संपले की उठायचं, उधारी नाही. "आपले स्टॅक डीप आहेत," भाचा म्हणाला. म्हणजे लावण्याच्या मानानं पुढ्यातला ढीग मोठा. मला हे ऐकून बरं वाटलं. आयुष्यात प्रथमच माझा कुठला तरी ढीग मोठा होता.

अर्ध्या तासानं मी पानं उचलली आणि पाहतो तो दोन एक्के! इस्पिक आणि बदाम. पोकरमध्ये सुरुवातीला याहून मोठं काही नसतं. सरासरी 221 डावांतून एकदा ही जोडी येते, समोर एकच माणूस असेल तर शंभरांतून 85 वेळा जिंकते. हे आकडे मला भाच्यानं नंतर सांगितले. पण चेहरा त्याआधीच बदलला असावा. कारण सौ. म्हणाली, "अहो, पित्त झालंय का?"

मी आठ चिंचोके लावले. मेव्हणे आले, सौ. आली. टेबलावर गुलाम, सत्ती, दुर्री. मी वीस लावले. मेव्हण्यांनी पानं टाकली. सौ.नं वीस मोजून सरकवले. चौथं पान चौकी. मी पन्नास लावले. सौ.नं चष्मा वर केला आणि दीडशे केले.

आता इथं विचार करायला हवा होता. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन भाजीवाल्यांकडे जाणारी ही बाई दीडशे चिंचोके उगाच पुढे ढकलणार नाही, हे बेचाळीस वर्षांच्या संसारात मला कळायला हरकत नव्हती. पण मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. मी माझ्या एक्क्यांकडे पाहत होतो. होता नव्हता तो ढीग मी पुढे लोटला. तिनं दोन सत्त्या उलटल्या. टेबलावरची धरून तीन. शेवटचं पान राणी निघालं आणि मी सर्वांना चहा करायला उठलो.

चहा घेताना भाच्यानं माझं सांत्वन आरंभलं. 2017 साली लास व्हेगासच्या वर्ल्ड सीरिजच्या मुख्य स्पर्धेत, दहा हजार डॉलर प्रवेशमूल्य भरून बसलेल्या व्हेनेसा सेल्ब्स्ट या नामांकित खेळाडूला पहिल्याच टप्प्यात असेच दोन एक्के आले. टेबलावर तिसरा एक्काही उघडला. वर दोन सत्त्या पडल्या. तीन एक्के, दोन सत्त्या! तिला हरवू शकेल अशी एकच जोडी उरली होती, राहिलेल्या दोन सत्त्या. त्या समोर गाएल बोमन हिच्या हातात होत्या. सुरुवातीला मिळालेले पन्नास हजारांचे चिप्स संपले आणि सेल्ब्स्ट पहिल्याच दिवशी बाहेर पडली.

"पण मामा," भाचा म्हणाला, "ते दुर्दैव. तुमचं तसं नाही."

मग त्यानं माझी चूक उलगडली. पुढ्यात वीसच चिंचोके असते, तर एक्के दिसताच सगळे लोटणं बरोबर. गमावण्यासारखं थोडं, शक्यता आपल्या बाजूनं. पण ढीग तीनशेचा असला की गणित फिरतं. मामीनं सत्त्यांवर आठ चिंचोके खर्च केले. तिसरी सत्ती पहिल्या तीन पानांत आठ-नऊ वेळांतून एकदाच येते. एरवी ती पानं टाकून मोकळी. पण आली, की मामांचे तीनशे आहेतच! म्हणून जुने खेळाडू सांगतात, एका जोडीवर छोटा डाव जिंकावा, मोठा डाव खेळू नये. शिवाय टूर्नामेंटमध्ये ढीग दुप्पट झाला म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही. ढीग संपला तर मात्र उठावंच लागतं.

"एक्के टाकायचे?" मी विचारलं. "इतके चांगले?"

"सुरुवातीला कोण पुढे होतं, हे नंतर कुणी विचारत नाही, मामा. मामीनं दीडशे केले, तेव्हा ती काहीतरी सांगत होती."

रात्री झोप लागेना. चिंचोक्यांसाठी माणूस जागत नाही. मला आमच्या गावच्या घरामागची दोन गुंठे जागा आठवत होती.

ती माझ्या पगारातून घेतलेली. सातबारा माझ्या नावावर. त्यावर आमच्या दादानं न विचारता गोठा बांधला. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, राहू दे रे. मी पुन्हा म्हटलं, काढ. माझी बाजू शंभर टक्के बरोबर होती, आजही आहे. वकील कागद बघून म्हणाले, यात हरण्यासारखं काहीच नाही. नऊ वर्षांनी निकाल माझ्या बाजूनं लागला. दोन गुंठे आणि त्यातलं एक रायवळ आंब्याचं झाड माझं झालं. त्यानंतर दादा माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही आणि मे महिन्यात कैऱ्यांची पाटी यायची, ती थांबली.

दादाच्या हातात काय होतं? आईला त्यानं अकरा वर्षं उचलून न्हाणीघरात नेलं. त्या गोठ्यातल्या गाईचं दूध आई प्यायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी ते मोजलं नव्हतं. मी माझा सातबारा बघत होतो.

बरोबर असणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती एकच जोडी आहे, आणि ती बऱ्याचदा आपल्याला नुसती वाटून येते. बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद झाला, तर खुशाल शेवटपर्यंत लढावं. तिथं ढीग वीस चिंचोक्यांचा असतो. पण पन्नास वर्षांचं भाऊपण पुढ्यात असताना केवळ आपण बरोबर आहोत म्हणून सगळं मध्ये लोटायचं का? मी लोटलं. आणि माझी गंमत अशी, की मी तो डाव जिंकलो, तरी ढीग गेलाच.

सौ.ला उठवून विचारलं, "तेव्हा तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की," ती कूस बदलत म्हणाली. "तीनदा. पण तुमच्या हातात एक्के होते."

सकाळी मी दादाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "दादा, आंबा मोहरलाय का रे यंदा?"

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग तो म्हणाला, "झाड तुझं आहे. येऊन बघ."

यात राग किती आणि बोलावणं किती, हे मला अजून उमगलेलं नाही. समोरच्याची पानं उपडीच असतात. पण मी एसटीचं तिकीट काढलं आहे. सातबारा या वेळी घरीच ठेवणार आहे.