मापाने बेतलेले सूर

मारुंजीच्या शिवारात आता पिकांपेक्षा इमारती अधिक दिसतात. हिंजवडीच्या कंपन्या हाकेच्या अंतरावर आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या नाना गरजाही आल्या. कोणाला वार्षिक समारंभासाठी गीत हवे असते, कोणाला जाहिरातीसाठी वीस सेकंदांची धून. रविवारी मिस्सेत कीबोर्ड वाजविणारे आपले तरुण आठवडाभर घरच्या संगणकावर अशी कामे करतात. गिऱ्हाइकाचे सांगणे ठरलेले : अमुक गाण्यासारखे हवे, उत्साही हवे, फार वेगळे नको, आणि उद्या सकाळी हवे. तरुण चाल पाठवितो, ती परत येते. दुसरी पाठवितो, तीही परत येते. अखेर स्वतःला आवडलेले सारे काढून टाकल्यावर ती पसंत पडते. तेव्हा त्याच्या मनात उभा राहणारा प्रश्न निव्वळ धंद्याचा नसतो. देवाने दिलेले दान दुसऱ्याच्या मापाने कापून देणे हा त्या दानाचा विनियोग म्हणावा, की त्याचा अपमान?

खरा कलावंत कोणाच्या सांगण्यावरून काही करीत नाही, हे मत ऐकावयास उदात्त वाटते. आम्हांस ते पटत नाही. लुथरपंथीय बाखने १७३३ मध्ये मिस्साविधीतील ‘किरिये’ आणि ‘ग्लोरिया’ संगीतबद्ध करून सॅक्सनीच्या कॅथलिक राजदरबारास सादर केले, ते दरबारी पदवीच्या अर्जासोबत. पदवी मिळावयास तीन वर्षे लागली. संगीत मात्र अद्याप टिकून आहे. आपल्या घरचे उदाहरण तर याहून बोलके. साष्टीतील नवख्रिस्ती मंडळींची जुनी पुराणे सुटली होती, आणि त्यांच्या जागी काहीतरी द्या, अशी त्यांची मागणी होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती मानली. त्यांनी ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, मराठी घेतली, आणि १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. माप श्रोत्यांचे होते, कापड मात्र त्यांच्या श्रद्धेचे. त्यातील एक धागाही त्यांनी मागणीखातर बदलला नाही.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील गोमंतकीय कॅथलिक वादकांचे आयुष्य तर अशा बेतलेल्या कामातच गेले. गोव्याच्या पॅरिश शाळांत चर्चच्या गायनासाठी स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली ही मंडळी पोटासाठी मुंबईस आली. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल सांगे. ती कागदावर उतरविणे, व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांना त्यांचे भाग लिहून देणे, दोन कडव्यांमधली जागा भरणे हे काम ‘अरेंजर’चे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्टियन डिसोझा यांनी ते केले, आपल्या सी. रामचंद्रांसाठी चिक चॉकलेट यांनी. पडद्यावरील नामावलीत या मंडळींना क्वचितच जागा मिळे.

त्यांच्यातील अँथनी गोन्साल्विस यांची कथा आम्हांस विशेष विचार करावयास लावते. माजोर्ड्याला १९२७ साली चर्चच्या गायनप्रमुखाच्या घरी जन्मलेले हे व्हायोलिनवादक दिवसा स्टुडिओत सांगितलेले काम चोख करीत आणि तरुणांना शिकवीत. परंतु हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचे एक स्वप्न त्यांनी जपले होते, आणि ते कोणाही निर्मात्याने मागितलेले नव्हते. १९५८ मध्ये त्यांनी वाद्यवृंद उभारला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायिले. वादक होते ते चित्रपटांच्या स्टुडिओतलेच! फर्माईशीच्या कामाने तयार झालेले हातच बिनफर्माईशीच्या कामाला लागले. तो प्रयोग फार काळ चालला नाही आणि गोन्साल्विस १९६५ च्या सुमारास अमेरिकेस गेले. पुढे १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूंचे नाव एका गाण्यात घातले. ते गाणे पूर्णपणे फर्माईशीचे, चालावे म्हणूनच बांधलेले. तरीही त्यात कृतज्ञतेला जागा सापडली.

तेव्हा मापाने शिवणे हे पाप नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कामाविषयीच्या १९८१ च्या परिपत्रकात सांगितले की, कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, कामाच्या प्रकारामुळे नव्हे. हे मानले तर वीस सेकंदांची धूनही प्रामाणिक काम होय. (केवळ मापात बसविणे तर आता यंत्रही काही क्षणांत करते. माणसाने त्यात आणखी काय घातले, हे विचारावे लागेल.)

अडचण दुसरीकडे आहे. ‘त्या गाण्यासारखे’ या मागणीचा अर्थ पुष्कळदा असा असतो की, ते गाणेच हवे, फक्त त्याच्या कर्त्याला पैसे द्यावयास नकोत आणि न्यायालयात सापडावयास नको. चार सूर फिरवून दिल्याने कायद्यातून सुटका होईलही. सातव्या आज्ञेतून होत नाही. आठव्या आज्ञेची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंत कंत्राटी कामगारांवर चालणारे कारखाने थोडे नाहीत. वर्षानुवर्षे कायम न झालेल्या माणसांसमोर वाजवावयास ‘आम्ही सारे एक कुटुंब’ असे गीत कोणी मागितले, तर चाल बांधणारा केवळ चाल बांधीत नाही. तो साक्ष देत असतो. सुरांना खोटे बोलता येत नाही असे म्हणतात. आमच्या मते ते फार सहज येते, कारण शब्दांवर संशय घेणारा माणूस सुरांवर घेत नाही.

अशा वेळी तरुणाने नकार द्यावा, हे लिहिणे आम्हांस सोपे आहे. त्याच्या संगणकाचे हप्ते आम्ही भरीत नाही. आणि गिऱ्हाईक म्हणजे केवळ कंपनी, असेही नाही. दहावे पायस यांनी १९०३ मध्ये नाटकी थाटाचे संगीत उपासनेतून दूर ठेवावयास सांगितले. आपण मात्र मुलीच्या लग्नाच्या मिस्सेला त्याच तरुणाकडे चित्रपटातील चालीवर भक्तिगीत मागतो. त्याने स्वतः बांधलेली चाल ऐकविली की ‘लोकांना ओळखीचे हवे’ असे सांगतो. आणि मानधनाची गोष्ट निघाली की मग ते देवाचे काम होते.