घरचा व्यवहार, परक्याचा भाव

एस्टोनियात नफा झाला एवढ्यावर कंपनीला कर लागत नाही. तो नफा कंपनीत ठेवा, त्यातून यंत्रे घ्या, माणसे नेमा किंवा नुसता बँकेत पडू द्या. सरकार हात लावणार नाही. तो मालकाच्या हाती गेला, की कर. चौदा लाखांच्याही आतल्या लोकसंख्येचा हा देश १ जानेवारी २००० पासून असा कारभार करतो आहे.

मग अशा देशाने ट्रान्सफर प्रायसिंगच्या कागदांची उठाठेव का करावी? एकाच समूहातल्या दोन कंपन्यांनी आपसात लावलेला भाव परक्याशी लावला असता तसाच आहे, हे दाखवणारे हे कागद. जर्मनीत किंवा भारतात त्यांची गरज सहज पटते. तिथे कर दरवर्षीच्या नफ्यावर असतो आणि परदेशातल्या भावंड-कंपनीचे फुगवलेले बिल तो नफा खाऊन टाकते. एस्टोनियात वार्षिक नफ्यावर करच नाही, तर बिल फुगले काय नि आटले काय!

पण पैसा मालकाकडे जायला लाभांश हा एकच रस्ता नसतो. समजा, एस्टोनियातल्या टार्टूमध्ये एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि तिची मालक कंपनी हेलसिंकीत. डिसेंबरअखेर हेलसिंकीहून एका ओळीचे बिल येते : ‘व्यवस्थापन सेवा, १,००,००० युरो’. कोणती सेवा, कोणी दिली, किती तास, काही नाही. कर अधिकाऱ्याच्या मते परक्याने याच कामाचे ६०,००० घेतले असते. उरलेले ४०,००० म्हणजे बिलाचा अंगरखा घातलेला लाभांशच. त्यावर २२/७८ या २०२५ पासूनच्या दराने ११,२८२ युरो कर बसतो. कंपनी त्या वर्षी तोट्यात असली तरी बसतो, आणि गोम इथेच आहे. इतर देशांत जुना तोटा अशा वेळी ढाल होतो. इथे कर नफ्यावर नसून बाहेर गेलेल्या पैशावर आहे, त्यामुळे तोट्याचा आडोसा मिळतच नाही.

आपल्याकडच्या सीएंना यात ओळखीचा वास येईल. आपल्या आयकर कायद्यात खासगी कंपनीने मोठ्या भागधारकाला दिलेले कर्ज लाभांश समजण्याची तरतूद आहे. ‘डीम्ड डिव्हिडंड’ या नावाने पोळलेले मालक कमी नाहीत. एस्टोनियाने तीच शंका किमतीपर्यंत नेली. म्हणून मला वाटते, तिथले ट्रान्सफर प्रायसिंगचे कागद हे परदेशी पाहुण्यांसाठी मांडलेले शोभेचे सामान नव्हे. लाभांशावरच्या कराला लावलेली ती कडी आहे. ती निघाली तर बाकीच्या व्यवस्थेला अर्थ उरत नाही.

कागद ठेवण्याची सक्ती मात्र सर्वांना नाही. बँका, विमा कंपन्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि कमी कराच्या प्रदेशाशी व्यवहार करणारे यांना ती आहेच. बाकीच्यांसाठी २५० कर्मचारी, ५ कोटी युरो उलाढाल किंवा ४.३ कोटी युरोंचा ताळेबंद, यांतली एक रेषा ओलांडली की पुरे. हे आकडे संबंधित कंपन्यांसह मोजतात. म्हणजे टार्टूत दहाच माणसे बसत असली तरी मागे हजारोंचा समूह असेल तर सुटका नाही. कर खात्याने मागितल्यावर कागद द्यायला किमान ६० दिवस मिळतात.

रेषेखालचे इथेच फसतात. सक्ती कागदाची नाही. योग्य भावाची मात्र सर्वांना आहे. वही ठेवू नका म्हटले म्हणून हिशेब माफ होत नाही. अधिकाऱ्याने विचारले की ‘आमच्याकडे असेच चालते’ एवढे सांगून भागत नाही, आणि तेव्हा धावपळ करून जमवलेला अहवाल म्हणजे वरातीमागून घोडे.

या अहवालांबद्दलही माझी तक्रार आहे. परक्याचा भाव शोधायचा तर तुलनेला परके हवेत. एवढ्याशा अर्थव्यवस्थेत, एकाच धंद्यातल्या आणि कुणाच्या समूहात नसलेल्या कंपन्या मिळणार किती? मग सल्लागार युरोपभरच्या डेटाबेसमधून इटलीची एक, पोलंडची दोन, स्पेनची तीन अशा कंपन्या वेचतात, त्यांच्या नफ्याचे प्रमाण मांडतात, मधला पट्टा काढतात आणि आमची कंपनी त्यात बसते असे लिहून मोकळे होतात. गणित बरोबर असते. पण टार्टूतले काम नक्की कोण करते, धोका कोणाच्या डोक्यावर आहे, निर्णय हेलसिंकीत होतात की टार्टूत, हे त्या तक्त्यांत दिसत नाही. कागदांचा खरा जीव तर त्यातच आहे. डेटाबेस विकत मिळतो, पण सेवा कोणी दिली याचे उत्तर कंपनीतल्याच माणसाला द्यावे लागते.

एस्टोनियाने सक्तीची रेषा खाली आणावी असे मी म्हणणार नाही. दहा माणसांच्या कंपनीवर दोनशे पानांचे ओझे टाकणे हा जुलूम होईल. पण तिथे कंपनी चालवणाऱ्याने, आणि ई-रेसिडेन्सी ही एस्टोनियाची डिजिटल ओळख घेऊन इथूनच तिथली कंपनी चालवणाऱ्यानेही, समूहातले बिल मंजूर करतानाच दोन पाने लिहून ठेवावीत : काम काय, कोणी केले, हा भाव कसा ठरला. आणि त्याखाली तारीख घालावी.