परीक्षेला न येणारा प्रश्न

यवतमाळात मे महिन्यात पारा 45 ला टेकला की आमच्या घरात दोनच गोष्टी ओल्या असतात. एक कुलरची वाळ्याची ताटी आणि दुसरी माझी पेटी.

पेटी म्हणजे बाजारात स्वेटर-शाली ठेवायला मिळतो तसला पारदर्शक प्लास्टिकचा डबा. तळाशी चार बोटं रेती आणि कोकोपीट, अर्धंअर्धं. ओलं, पण मुठीत दाबलं तर थेंब गळू नये इतपतच. त्यात जास्वंद, क्रोटन, कोलियस, मनीप्लांट यांच्या फांद्या खोसलेल्या. डोळ्याच्या जरा खाली तिरपा काप द्यायचा, खालची पानं काढायची, वरची मोठी असतील तर अर्धी कापायची आणि झाकण लावून उत्तरेच्या खिडकीत ठेवायचं. ही खिडकी देवघरात आहे, त्यामुळे सकाळी देवांना आणि पेटीला एकदमच पाणी मिळतं. पहिल्या वर्षी मी हौसेनं पेटी अंगणात ठेवली होती. दुपारी बारापर्यंत सगळ्या फांद्या अळूच्या वडीसारख्या उकडून निघाल्या.

मी 31 वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. नववीच्या वर्गात एकदा श्वेतकेतूची गोष्ट सांगत होते. वडाच्या फळाची आणि पाण्यात विरघळलेल्या मिठाची गोष्ट सगळेच सांगतात. छांदोग्य उपनिषदात त्यांच्या आधी झाडाचा दाखला येतो, तो मला जास्त आवडतो. श्वेतकेतूचा बाप उद्दालक मुलाला म्हणतो, या मोठ्या झाडाच्या बुंध्यावर घाव घाल, मध्यावर घाल, शेंड्यावर घाल, रसच गळेल, कारण झाड जिवंत आहे. पण जीव एका फांदीला सोडून गेला की ती फांदी वाळते, दुसरीला सोडून गेला की दुसरी, आणि सगळ्या झाडाला सोडून गेला की सगळं झाड. जीव निघून गेला की देह मरतो, जीव मात्र मरत नाही.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. राळेगावकडचा होता, घरी पऱ्हाटी. म्हणाला, "बाई, आमची माय जास्वंदाची फांदी तोडून दुसरीकडं लावते. ती जगते. मंग जीव फांदीसोबत गेला का झाडात राह्यला?"

वर्ग हसला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "हे परीक्षेला येत नाही. बस खाली."

तो बसला. मी आजही त्या वाक्याची लाज बाळगून आहे.

निवृत्तीनंतर पेटी घेतली ती वेळ घालवायला. पण पेटीजवळ बसलं की तो मुलगा आठवतोच. उद्दालकाचं म्हणणं या डब्यात ताडून पाहता येतं, ही माझ्या डोक्यात उशिरा पेटलेली ट्यूब. तोडलेली फांदी का वाळते? तिला मुळं नसतात, पुरेसं पाणी पिता येत नाही, पण पानांतून पाणी उडतच राहतं. मे महिन्यातल्या यवतमाळात तर ती दोन तासांत मान टाकते. झाकणाखाली हवा ओलीचिंब असते, म्हणून पानाबाहेर पाणी जायला वाव उरत नाही. पेटी फांदीला काहीच देत नाही, फक्त जाणारं थांबवते. तेवढ्यावर फांदी तग धरते आणि आपली मुळं आपणच काढते. म्हणजे जीव गेला म्हणून फांदी वाळत नाही, पाणी गेलं म्हणून वाळते. उद्दालकानं जे कारण म्हणून सांगितलं तो परिणाम होता, असं त्याच्या पायाशी बसून म्हणायची माझी तयारी आहे.

कोलियसची फांदी काचेच्या पेल्यात ठेवली तर हे सगळं दिसतं. कापाच्या कडेला आधी फिकट, घट्टा पडल्यासारखी गाठ येते. मग पेराजवळ सालीला पांढरे पुरळ उठतात, घामोळ्यांसारखे, आणि एका सकाळी त्यांतून दोऱ्यासारखी मुळी बाहेर आलेली असते. पानांत तयार होणारं ऑक्सिन नावाचं द्रव्य देठातून खाली उतरत राहतं. आता पुढं वाट नाही म्हणून ते कापाशी साठतं, आणि जिथं कधी मूळ नव्हतं तिथल्या पेशी मूळ व्हायला लागतात. मनीप्लांटचं काम याहून सोपं, त्याच्या पेरांवर मुळांचे कोंब आधीच तयार असतात. गेल्या वेळी त्याची मुळं मला बरोबर तेराव्या दिवशी दिसली. आपल्याकडे त्या दिवशी तेरवीचं जेवण असतं.

तोडलेलं पुन्हा कसं उगवतं, हे बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यानं जनकाच्या सभेत विचारलं आहे. माणूस झाडासारखा, केस म्हणजे पानं, कातडी म्हणजे साल, घाव घातला की रक्त वाहतं जसा झाडाचा रस. झाड तोडलं तर ते मुळापासून पुन्हा वर येतं, पण मृत्यूनं तोडलेला माणूस कुठल्या मुळापासून उगवतो? बीजापासून म्हणू नका, बीज जिवंताकडूनच येतं. सभेतून उत्तर आलं नाही. शेवटची ओळ ब्रह्माकडे बोट दाखवते आणि विषय संपतो. आमच्या जिल्ह्यात अख्खा जून बियाण्याच्या पिशवीची चर्चा चालते, त्यामुळे बीज सोडून बोला म्हणणारा याज्ञवल्क्य मला जरा धाडसीच वाटतो.

मुलाचा प्रश्न मात्र याहून अवघड होता. एक झाड होतं, आता दोन आहेत. गीता आत्म्याला अच्छेद्य म्हणते. मग कात्रीनं काय कापलं? वेदान्ती उत्तर मला पाठ आहे: एका मडक्याची दोन केली म्हणून आकाश दोन होत नाही. मडक्याबद्दल मला शंका नाही. पण मडकं मुळं काढत नाही, आणि मुळं फुटली की नाहीत याची वाट पाहत आकाशाजवळ कुणी बसत नाही.

शेजारच्या जैन भाभींनी हा पेच एका वाक्यात सोडवला. कापूनही उगवतं त्यात जीव एक कुठं, अनंत असतात, म्हणूनच आम्ही बटाटा, गाजर खात नाही. मूळचेच अनंत असतील तर वाटणीचा प्रश्नच मिटला. योगायोग असा की 1958 मध्ये अमेरिकेत स्ट्यूअर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं पेशींपासून अख्खं रोप वाढवून दाखवलं, तेही गाजराच्याच. भाभींना सांगितलं तर म्हणाल्या, मग, आमचं काय वेगळं होतं?

पण मला हलवलं ते आमच्या कंडक्टर भाऊंनी. एस.टी.तून निवृत्त झालेले, गल्लीच्या टोकाला राहतात, दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. मी पेटी उघडून बसले होते आणि मुलाचा प्रश्न त्यांना सांगितला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही जीव कुठं गेला म्हून विचारता. जातच नाही काही. या दिव्यावरून तो दिवा लावला तर पहिल्यातून काय निघून गेलं, सांगा?"

हा दाखला मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादातला. मी पुस्तक काढलं. दिव्याच्या लगेच पुढं आणखी एक दाखला निघाला, तो मला कुणीच सांगितला नव्हता. नागसेन राजाला विचारतो, लहानपणी तू गुरूकडून श्लोक शिकलास ना? मग तो श्लोक गुरूला सोडून तुझ्याकडे आला का? राजा नाही म्हणतो.

दिव्यानं मी मानलं नसतं. श्लोकानं मानलं. 31 वर्षांत किती पोरांना सुभाषितं दिली, माझ्याकडचं एकही कमी झालं नाही. काहींच्या तोंडी ती चुकीच्या उच्चारानं रुजली, तेही झाड त्यांचंच.

त्याच ओघात भाऊ म्हणाले की दीक्षाभूमीचा बोधिवृक्षसुद्धा श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या झाडाचाच, भदंत आनंद कौसल्यायनांनी आणलेला. मग मी महावंस हा तिथला जुना ग्रंथ वाचला, आणि पेटीकडे पाहून हसूच आलं. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या झाडाची फांदी घेऊन लंकेला गेली. या झाडाला शस्त्र लावायचं नाही, म्हणून अशोकानं फांदीवर मनशीळाची रेघ ओढली. महावंस सांगतो की फांदी आपणहून सुटली, सुगंधी माती भरलेल्या सोन्याच्या कलशात बसली आणि तिला मुळं फुटली. मग सात दिवस ती गार दवाच्या ढगात दिसेनाशी होऊन राहिली. लिहिणारा भिक्खू होता. पण त्याला किंवा त्याला गोष्ट सांगणाऱ्याला फांद्या लावायची सवय असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. ढग म्हणजे झाकणच की.

पुढं बोधगयेचं मूळ झाड राहिलं नाही. तिथलं जुनं झाड 1876 मध्ये पडलं, आज उभं आहे ते त्यानंतर लावलेलं. अनुराधपूरचं मात्र परंपरेनं तेच, संघमित्रेनं नेलेलं. म्हणजे फांदी आज आईपेक्षा वयानं मोठी आहे. भाऊंना विचारलं, तुम्ही हात जोडता ते नेमकं कोणत्या झाडाला? ते म्हणाले, "तेच बी नाही अन् दुसरं बी नाही." मिलिंद-नागसेनाच्या पुस्तकातही साधारण हेच आहे. दोन्हीकडून सुटायची ही पळवाट आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही, कारण मनीप्लांट.

चोरून आणलेला मनीप्लांटच जगतो, असं आपल्याकडे म्हणतात. माझाही चोरीचाच आहे, एका सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यातून आणलेला, कोणत्या ते सांगत नाही. मूळचा तो पॅसिफिकमधल्या मूरिआ बेटाचा. फुलायला लागणारा जिबरेलिन हा संप्रेरक बनवण्यात त्याच्या जनुकात खोट आहे, म्हणून त्याला फूल येत नाही, बी धरत नाही. घराघरांतला तो एकाच्या फांदीतून दुसरा असाच पसरला. यातला मूळ कोणता, कॉपी कोणती? माझ्या खिडकीतला किती वर्षांचा म्हणायचा, दोन महिन्यांचा की शंभरावर? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि एकटं कुठलंच पुरत नाही. जीव म्हणजे घरात राहणारा भाडेकरू, असं धरून मी आयुष्यभर शिकवलं. पेटीजवळ बसून वाटतं की तो भाडेकरू नसावा, चालू असलेलं काम असावं. काम दोन हातांनी सुरू झालं म्हणून अर्धं होत नाही.

तो मुलगा आता चाळिशीचा असेल. पुण्याकडे कुठंतरी नोकरीला आहे असं ऐकते. बाळा, हे वाचत असशील तर "परीक्षेला येत नाही" हे मी मागं घेते. उत्तर माझ्याकडे आहे तेवढं वर लिहिलं. पटलं नाही तर भांडायला ये. पाऊस लागला की जास्वंदाच्या दोन फांद्या तयार ठेवते, तुझ्या मायच्या हातची सर त्यांना येणार नाही. येताना एक ओलं फडकं आण, एस.टी.त फांदी वाळते.